पत्र्याचा भाता

इंग्रजांच्या वेळी परतवाड्यात माझं लोखंडी सामानाचं दुकान होतं. एकदा मेळघाटातला एक म्हातारा कोरकू आदिवासी आला. पत्र्याच्या नळाचा हातभर तुकडा घेऊन तो माझ्याच पायरीवर बसला, एका तोंडाला लाकडी बूच ठोकलं, तारेनं जुना पट्टा आवळला. बाणांचा भाता तयार!

"बांबूचा काहून नाई केला, बाबा?"

"बांबू आता सरकारचा झाला. तोडला तं जंगलाचा नाकेदार धरते."

मग त्यानं आत गोणपाट कोंबलं, बाण ठेवले, भाता कानाशी हलवून पाहिला, पुन्हा थोडं कोंबलं.

"जनावराले ऐकू जाते म्हून?"

"जनावरापेक्षा नाकेदाराचे कान तिखट हायेत."

भाता पाठीला लावून तो भर बाजारातून गेला. जरासुद्धा आवाज झाला नाही. आपल्याच रानात चोरासारखं चालायची तालीम त्यानं माझ्या पायरीपासूनच सुरू केली होती.