वरचा रकाना रिकामा

बोरी अरब गावची ममता राग विसरत नाही, आणि त्याची तिला तिळभर लाज नाही.

अठरा वर्षांपूर्वी ती आईसोबत दारव्ह्याला नरहर काकांच्या कापड दुकानात स्वतःच्या लग्नाची साडी घ्यायला गेलती. आई, रुखमाबाई, म्हणाली, "पांढरी दाखवा, जरा चांगली." नरहर काकांनी हातातली मीटरपट्टी खाली ठेवली, चेहरा पाडला आणि विचारलं, "अरेरे! कोण गेलं?"

गादीवरचे दोघं-तिघं फिसकन हसले. आपल्या बौद्ध लग्नात नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं, असं कोणी सांगू नये. त्याचं अर्धं गिऱ्हाईक आपलंच होतं. रुखमाबाईनं मुकाट्यानं साडी घेतली. बाहेर आल्यावर ममता फणफणली, "तू बोलली काहून नाही व माय?"

"लग्नाच्या तोंडावर कायले भांडण?"

ते न झालेलं भांडण त्या दिवसापासून ममताकडे होतं.

लग्न झालं, दोन लेकरं झाली. सेतू केंद्रात लोकांचे फॉर्म भरता भरता ती कम्प्युटर शिकली. कोणी शिकवलं नाही, बोलणी खात शिकली. म्हणून गेल्या साली नरहर काकांचा मुलगा अनिकेत, "ताई, दुकान ऑनलाइन करतोय, माल चढवून द्याल का?" म्हणत आला, तेव्हा ती एका दमात हो म्हणाली. नवऱ्याला वाटलं, पगारासाठी. वाटू दिलं.

आधी दुकानाचे विभाग पाडायचे होते. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक तक्ता होता. पहिल्या रकान्यात विभागाचं नाव, दुसऱ्यात 'वरचा विभाग', म्हणजे हा कोणाच्या पोटात जाणार ते. दुसरा रकाना रिकामा सोडला, की विभाग कोणाच्याच खाली जात नाही, थेट दुकानाच्या दारात दिसतो. 'इथंही वरचा न् खालचा आहेच म्हणा,' ममता मनाशी म्हणाली. तिनं 'लग्न' पाडला. त्याच्या पोटात 'शालू', 'नऊवारी', आणि कोणाला न विचारता आपल्या बौद्ध लग्नाचा 'मंगल परिणय'. त्यात चाळीस पांढऱ्या साड्या चढवल्या, निळ्या काठाच्या सगळ्यात वर.

नरहर काका चष्मा पुसत मागं येऊन उभे राहिले. "हे काय? पांढरं लग्नात? उत्तरकार्यात टाक."

"काका, आमच्या लग्नात पांढरंच असते."

"असेल. दुकान माझं आहे."

"बाबा, जाऊ द्या ना," अनिकेत पुटपुटला.

"तू गप बस. गिऱ्हाईक बिचकते."

एरवी ममतानं टेबल उलटं केलं असतं. त्या दिवशी तिचा आवाजही चढला नाही. 'मंगल परिणय'पुढच्या दुसऱ्या रकान्यातलं 'लग्न' खोडलं, 'उत्तरकार्य' लिहिलं, सेव्ह केलं. पान उघडून पाहिलं: वर 'उत्तरकार्य', त्याच्या पोटात 'मंगल परिणय', आणि त्याखाली नवरीच्या साड्या. त्या पानाची लिंक तिनं तालुक्यातल्या झाडून सगळ्या महिला मंडळांच्या ग्रुपवर टाकली. सोबत एक शब्द लिहिला नाही. दुसऱ्या दिवशी कामाला गेली नाही.

अनिकेतनं चार दिवसांत विभाग गुपचूप परत हलवला, पण पाहणारांनी पाहून घेतलं होतं. लग्नसराईभर दारव्ह्यात त्या पांढऱ्या साड्यांना कोणी हात लावला नाही. तोवर ममतानं त्याच सॉफ्टवेअरवर आपलं दुकान थाटलं. पहिला विभाग: मंगल परिणय. वरचा विभाग? रकाना रिकामा सोडला. पार महागावहून फोन यायला लागले.

मे सरता सरता नरहर काका स्कूटरला गठ्ठा बांधून बोरीला आले. रुखमाबाई ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होती.

"ममता, ह्या साड्या तुझ्या दुकानावर चढव. माझ्याकडे पडून राहिल्या."

ममतानं गठ्ठ्याकडे पाहिलं. चेहरा पाडला. "अरेरे! कोण गेलं, काका?"

"कोणी नाही! घरी सगळे ठीक आहेत."

त्यांना आठवतच नव्हतं. ममताच्या मस्तकात तिडीक गेली. अठरा वर्षं जे तिनं उरात जपलं, ते हा माणूस मायलेकी पायरी उतरायच्या आत विसरला होता. मग तिनंच आठवण करून दिली. शब्दाला शब्द, हसणाऱ्यांसकट. काकांचे कान लाल झाले.

"चुकलं असेल तेव्हा..."

"असेल नाही, चुकलंच. आन् मले माफी नको. तेव्हा जे विचाराले पाहिजे होतं, ते आता विचारा. तिले."

काका गठ्ठ्याची सुतळी चाळवत राहिले. मग ओट्याकडे वळून हळूच म्हणाले, "रुखमाबाई... लग्न कोणाचं आहे?"

रुखमाबाईनं सूप खाली ठेवलं. "माह्या पोरीचं. चांगली दाखवा."

काकांनी गाठ सोडली, वरची साडी उलगडून दोन्ही हातांनी धरली. म्हातारीनं काठ बोटांनी चाचपला, पदर उन्हात धरून पाहिला, उलटा करून पाहिला. चांगला वेळ घेतला.

"नाही पटली," ती म्हणाली. "आम्ही दुसऱ्या दुकानात पाहतो."

ममता फिसकन हसली.