रबरकाकांनी न खोडलेली ओळ

आमच्या वाचनालयात बाइंडिंगला बसतात त्यांना सगळे रबरकाका म्हणतात. तीस वर्षं काम एकच: उसवलेलं पुस्तक शिवायचं, खळ लावायची आणि लोकांनी समासात पेन्सिलीनं लिहिलेलं खोडायचं. अख्खी कादंबरी त्यांनी जन्मात वाचलेली नाही. वाचतात फक्त समास. तरी कुठलं पुस्तक कसं आहे ते मला, म्हणजे काउंटरवर बसणारीला, तेच सांगतात. आणि बरोबर सांगतात, याचाच मला राग!

यंदा एक कादंबरी आली. मुलगा म्हणून वाढवलेल्या, पण आपण मुलगी आहोत हे पक्कं ठाऊक असलेल्या पंधरा वर्षांच्या पोरीची. दोन महिन्यांत पुस्तकाची शिवण उसवली. काकांच्या टेबलावर आलं तेव्हा समासात पाय ठेवायला जागा नव्हती. एकानं लिहिलेलं, 'आईनं एवढं ओरडायची काय गरज?' त्याखाली दुसऱ्याचं, 'तुमच्या घरी झालं की कळेल.' एका बाईंचं, 'इथं रडले. भाजी करपली.' त्यालाही उत्तर होतंच: 'कुठली भाजी?'

"पुस्तक वाचतात का भांडतात ही माणसं?" काका रबर घासत पुटपुटत होते.

हेडमास्तर मात्र पेन्सिल वापरत नाहीत. निवृत्त झाले, आमच्या समितीचे अध्यक्ष झाले, पण लाल पेन काही सुटलं नाही. पान एकशे बारावर त्यांनी ठोकून दिलं होतं: 'छे! असं कुठं असतं?' खाली सही. वर दारातल्या फळ्यावर सूचनाही लावली होती, की हे पुस्तक काढून टाकण्याबाबत बुधवारी बैठक. बैठक कसली डोंबलाची! समितीतले बाकीचे सगळे नंदीबैल.

बुधवारी काका शिवलेलं पुस्तक घेऊन आले. हेडमास्तर म्हणाले, "हे ज्याला लागतं असा एक तरी वाचक दाखवा मला."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका म्हणाले, "सर, एकशे बारा काढा."

सरांच्या लाल ओळीखाली पेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: 'असतं. मी आहे. घरी नेता येत नाही म्हणून इथंच बसून वाचते. अजून चाळीस पानं राहिलीत. प्लीज काढू नका.'

नंदीबैलांच्या माना जागच्या जागी थांबल्या. मला तर भडभडून आलं, सांगायला लाज कसली?

"हे खोडलं नाहीत तुम्ही?" सरांनी विचारलं.

"नाही सर. रबर टेकवलं होतं. हात धजेना."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. दोनदा वाचलं. मग म्हणाले, "माझी ओळ खोडा."

"शाई आहे सर, ती कुठली जाते! वर कागद चिकटवतो."

"चिकटवा."

काकांनी पांढरी पट्टी कापली, खळ लावली, सरांची ओळ सहीसकट झाकून टाकली. सर मुकाट्यानं पट्टी दाबून बसले. मग माझ्यापुढे हात केला. "पेन्सिल द्या हो जरा." आयुष्यात पहिल्यांदा! पोरीच्या ओळीखाली त्यांनी लिहिलं: 'सावकाश वाच. पुस्तक कुठेही जात नाही.'

सवयीनं काकांचा हात रबराकडे गेला. मी असे डोळे वटारले, की रबर गेलं ते थेट खिशात.