घरगाडीची टाकी आणि पायऱ्यांची विहीर

नाही, मी अजून तेच म्हणतो, ड्रायव्हर लोकांनी मला कितीही हसावं. पाण्याला दाब किती हे नंतर विचारा. ते येतं कुठून हे आधी विचारा, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः जाऊन डोकावून बघा. आमच्या बाबूभाई ड्रायव्हरशी हा वाद मुंबईच्या गोदीत सुरू झाला आणि इथं बंगालच्या हद्दीवर धरणाच्या कामावर पोचलो तरी मिटलेला नाही.

ज्यांना घरगाडी घेऊन हा रस्ता करायचाय त्यांच्यासाठी लिहितो. शाळा माझी तिसरीपर्यंत, तेव्हा चुका सांभाळून घ्या.

घरगाडी म्हणजे ट्रकमागं ओढायची चाकांवरची खोली. आत पलंग, स्टो, मोरी, दोन नळ, खाली पत्र्याची टाकी. बाहेरच्या भिंतीला एक पितळी तोटी. तिला रबरी पाइप लावला की टाकीत आणि आतल्या नळाला पाणी. साहेब बंगाली इंजिनियर, बरोबर बाईसाहेब आणि त्यांची चार वर्षांची मुलगी खुकू. प्यायचं पाणी बाई उकळायच्या, पण खुकू हटकून नळालाच तोंड लावायची. मी त्यांचा गडी, पाण्याचं काम माझ्याकडं. काही झालं तर धरणार कुणाला, हे सांगायला नको.

माझ्या डाव्या घोट्यावर नारूचा वण आहे. हा किडा पाण्यातून पोटात जातो, वर्षभर कळत नाही, मग एक दिवस पायातून दोऱ्यासारखा बाहेर निघतो. तेव्हापासून मी कुठल्याच पाण्याला सोयरा मानत नाही.

मालेगाव सोडल्यावर रस्ता बरा होता. धुळ्यात देवपूरकडं एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात उतरायला जागा मिळाली, भाडं काही नाही. फुकट म्हटल्यावर मला शंका आलीच. तिथला पहारेकरी आग विझवायच्या नळापाशी घेऊन गेला.

"दोन मजला वर जास पानी, भाऊ! असा दाब मुंबईमा बी नही भेटाव."

"येतं कुठून?"

"पानी पानीच ऱ्हास. कोठून बी येवो."

मी त्या नळाचा उंचावरचा हौद बघायला गेलो. उघडा, वर हिरवा थर, काठावर कबुतरं. परत येतो तोवर बाबूभाईनं पाइप जोडून चावी सोडलेली! आत ठप्प आवाज झाला. मोरीखालचा सांधा सुटला आणि बाईसाहेबांची गादी ओली. बाबूभाई म्हणतो, "दाब तर होता ना?" टाकी रिकामी करून दोनदा धुतली. पत्रेवाल्यानं सांध्याला डाग द्यायला सव्वा रुपया घेतला, त्यात चार आणे जास्तच होते. तेव्हा लक्षात ठेवा, मोठ्या नळाला गाडी सरळ जोडायची नाही. वरच्या झाकणातून, दुहेरी फडकं धरून टाकी भरा. वेळ जातो, जाऊ द्या.

दुसऱ्या सकाळी सरकारी नळावर गेलो. बायकांची रांग, आणि मी लांबलचक पाइप घेऊन उभा. एक आजीबाई घरगाडीकडं बघून म्हणाली, "घरले चाकं लायात ना, मंग विहीरले बी लाई लेवाना व्हतात!" सगळ्या हसल्या. माझा नंबर आला तेव्हा नळाला करंगळीएवढी धार. अर्धीच टाकी मिळाली. शेवभाजी-भाकरी मात्र सहा आण्यात पोटभर, आणि असली झणझणीत की साहेब दोन तांबे पाणी प्याले. उकळलेलं, मी विचारून घेतलं.

पारोळ्याच्या पुढं सडकेपासून मैलभर आत माझं गाव. साहेबांनी अर्धा दिवस दिला, मी अक्काला भेटायचं म्हणून. अक्का माझी थोरली बहीण, तिनंच मला वाढवला. चाकांचं घर बघायला बठ्ठा म्हणजे सगळा गाव लोटला. साहेबांना ओसरीवर गूळ-शेंगदाणे दिले, तोवर माझे चुलते नाना यांनी हुकूम सोडला, पाहुण्यांची टाकी भरा. मी बाहेर येऊन बघतो तर हंड्यांची रांग लागलेली.

धावत विहिरीवर गेलो. आमची विहीर पायऱ्यांची. तळाच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात अक्का हंडा बुडवत होती. पोटरीला फडकं, आणि फडक्यातून काडी दिसत होती. नारू निघाला की रोज थोडा थोडा काडीवर गुंडाळतात, ती काडी. आणि असा पाय पाण्यात बुडला की नारूची पिल्लं त्या पाण्यात सुटतात.

मी परत आलो आणि टाकीची खालची पितळी तोटी उघडली. बारा हंडे पाणी धुळीत.

नाना लाल झाले. "आमनं पानी जमीनवर? साहेबनं मीठ खाई ऱ्हायना म्हनीसन?"

मागून अक्का आली. "तेच पानी पाजीसन तुले मोठा करा रे मी."

मी धोतर वर करून वण दाखवला. "आनि हाऊ बी तेच पानीना शे, अक्का."

 तेवढ्यात अक्काची धाकटी मुलगी सुमी तोटीखाली ओंजळ धरून गटागटा प्यायला लागली. पितळेतून पाणी पडतंय याचीच तिला गंमत. मी तिचा हात ओढला. "पिऊ नको!"

"काब्र मामा? घर बी आम्ही हाईच पेतस."

 खुकूसाठी मी टाकी ओतली होती. सुमीसाठी काय ओतणार होतो?

नानांना म्हटलं, पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत घाला, वर कप्पी बसवा, कुणी पाण्यात उतरायलाच नको.

"मंग पानी काय सोताच चढी यी का वर? आनि पैसा कोन दी? तुना साहेब?"

"पैसा मी दिसू."

नाना हसले. मला ते हसणं आवडलं नाही. मागं नानांनी देवळाच्या कळसाला जमवलेल्या वर्गणीचं जेवण झालं होतं, कळस अजून नाही.

जळगावच्या अलीकडं पिंप्राळ्याला केळीच्या बागेत बांधीव कठड्याची विहीर मिळाली. मी चारी बाजूंनी फिरलो, पायरी एकही नाही. विहिरीवरच्या पाणी उपसायच्या इंजिनाची धार संथ, दोन तास लागले, बाबूभाई कुरकुरला. मळ्यातल्या भरीत-भाकरीनं त्याचं तोंड बंद झालं. पुढं भुसावळ, मग नागपूर, मग नुसताच रस्ता.

आता इथं कामावर आहे. खुकू धडधाकट आहे, पण नारू वर्षानं कळतो, म्हणून रोज तिच्या पायांकडं नजर जाते. सुमीच्या पायांकडं बघायला मी तिथं नाही. अक्कानं गावच्या शाळेतल्या मास्तरांकडून पत्र लिहवलं, काडी निघाली, पाय बरा आहे, भिंतीला आणि कप्पीला गवंडी साठ रुपये मागतो. साठ! धरणावरच्या गवंड्याला माप सांगून विचारलं. तो म्हणाला, दगड गावचाच असेल तर पंचेचाळीसवर एक पै नको.

पैसे नानांच्या नावानं पाठवणार नाही. मनीऑर्डर अक्काच्या नावानं, अंगठा मास्तरांसमोर, आणि भिंत होईपर्यंत रक्कम मास्तरांच्या पेटीत. पंचेचाळीस रुपये.