दगाभाऊंचे रिपोर्ट मी वाचत असे

मित्रहो, आज धुळ्याच्या दवाखान्यातून परतल्यापासून मन अस्वस्थ आहे.

साक्रीचे माझे मित्र दगाभाऊ यांना हेपेटायटिस सी हा यकृताचा आजार असल्याचे रक्तदानाच्या वेळी कळले होते. तेव्हापासून त्यांचे रिपोर्ट मीच वाचत असे. लॅबवाले बिघडलेले आकडे ठळक छापतात. यकृताच्या एन्झाइमचा आकडा ठळक नसला, की मी "सर्व नॉर्मल" असा निर्वाळा देई. म्हणून ते डॉक्टरांकडे गेलेच नाहीत.

आजच्या स्कॅनमध्ये त्यांचे यकृत कठीण झालेले आढळले. डॉक्टर म्हणाले, "एन्झाइम नॉर्मल असतानाही यकृत आतून खराब होऊ शकते."

दगाभाऊंनी माझ्याकडे पाहिले. "नाना, तुम्हीच सांगेल व्हतं ना, बठ्ठं नॉर्मल शे?"

मित्रहो, तुमचा रिपोर्ट कोण वाचतो?