सुंदराबाईंचा पहिला प्रश्न

माणसाला बरं करायला पदवी लागते, असं मी बरीच वर्षं मानत होते. पदवी माझ्याकडे होती. आमच्या फिजिओथेरपी विभागात मदतनीस असलेल्या सुंदराबाई सातवी शिकलेल्या आणि येरवड्याहून दोन बस बदलून माझ्याआधी हजर असणाऱ्या. पेशंट मला मॅडम म्हणत आणि ऐकत मात्र त्यांचं. मला याचा राग यायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

१९९९ साली यज्ञेश्वरराव आले. सदाशिव पेठेतले निवृत्त पोस्टमास्तर, विधुर. एकुलता मुलगा आमोद कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी त्याच उन्हाळ्यात अमेरिकेला गेलेला. जिन्यावरून पडून गुडघ्याची वाटी मोडली होती. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण पाय साठ अंशांपुढे वाकेना. हात लावायचा अवकाश, की ओरडत. डॉक्टरांनी बजावलं, पंधरा दिवसांत नव्वद झाले नाहीत, तर भूल देऊन वाकवावा लागेल.

"आणि भुलीतून उठलोच नाही, तर आमोदला कळवणार कोण?" असं म्हणून ते भिंतीकडे बघत बसले.

मी डॉक्टरांना सांगून गोळ्या वाढवल्या. वर, एवढं दुखत नसतं, असंही त्यांना ऐकवलं.

सुंदराबाईंनी शेक देताना कुठं दुखतं ते विचारलंच नाही. "काका, काल घरी कोण आलं होतं?"

"कोण येणार? दारावर पाटी लावलीय. 'रुग्ण विश्रांती घेत आहे. चौकशीस येऊ नये.' उगाच कुणाला त्रास कशाला?"

अस्सल पेठेतला शहाणपणा! त्या संध्याकाळी सुंदराबाईंनी वाट वाकडी करून त्यांच्या समोरच्या बिऱ्हाडाची कडी वाजवली. तिथले श्रीधरपंत तीस वर्षांचे शेजारी, पाटी बघून रुसलेले.

"आम्हाला वाचता येतं, बाई," ते म्हणाले.

"मलाही येतं. म्हणून तर त्यांच्याकडे न जाता तुमच्याकडे आले."

दुसऱ्या दिवशी रिक्षातून दोघं उतरले. व्यायाम चालू असताना श्रीधरपंत शेजारी बसून यज्ञेश्वररावांची एकेक चूक काढू लागले आणि यज्ञेश्वरराव ओरडायचे सोडून त्यांना उत्तरं देऊ लागले. पेशंटला शांतता हवी, असं मी सुंदराबाईंना बजावलं.

"मॅडम, माझ्या पहिल्या बाळंतपणात जवळ कुणी नव्हतं," त्या टॉवेल पिळत म्हणाल्या. "दुसऱ्या वेळी विहारातल्या दोघी हात धरून बसल्या होत्या. कळा तेवढ्याच होत्या हो. पण पहिल्या अजून अंगावर येतात."

मला पटलं नव्हतं. गुडघा मात्र पंचाहत्तरवर गेला, मग ब्याऐंशीवर.

पंधराव्या दिवशी डॉक्टर स्वतः मोजायला आले. शिस्त म्हणून मी श्रीधरपंतांना बाहेर बसवलं. यज्ञेश्वररावांनी दाराकडे पाहिलं, अंग आखडून घेतलं आणि सत्तरला किंचाळले. डॉक्टरांनी भुलीसाठी तारीख शोधायला डायरी उघडली. चूक माझी होती आणि ती सांगायला माझी जीभ रेटेना.

डॉक्टरांसमोर कधी चकार शब्द न काढणाऱ्या सुंदराबाईंनी सरळ जाऊन दार उघडलं. "पंत, आत या. डॉक्टरसाहेब, अजून एकदा मोजा."

श्रीधरपंत आले आणि त्यांनी यज्ञेश्वररावांचा हात धरला. "काय हे, रस्त्यापर्यंत आवाज येतोय तुमचा!"

"तुम्हाला बरा ऐकू येतो! एरवी हाक मारली तर..." पुढचं वाक्य कण्हण्यात विरलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण पाय आखडला नाही. डॉक्टर सावकाश वाकवत राहिले आणि म्हणाले, "ब्याण्णव."

डायरी मिटली. सुंदराबाई शेकाचं पाणी बदलायला निघूनही गेल्या होत्या.

"मोजून झालं," यज्ञेश्वरराव म्हणाले. "आता हात सोडा."

"मी केव्हाच सोडलाय," श्रीधरपंत म्हणाले. "तुम्हीच धरून बसलाय."