बुधवारचा खटका

आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. त्यामुळे पप्पांचा आठवडा बुधवारी संध्याकाळी संपतो. निघोज्याच्या एका कारखान्यात ते इलेक्ट्रिशियन आहेत. मशीन थांबल्या, तपासणीच्या कॉम्प्युटरवर सगळं सेव्ह झाल्याची हिरवी अक्षरं आली, की मुख्य खटका पाडायचा आणि मोशीची बस पकडायची.

एका शुक्रवारी बुधवारचे फोटोच उघडेनात. तिथे बनणाऱ्या प्रत्येक भागाचा फोटो निघतो. फोटो नसेल तर माल पुढे जात नाही. सगळा माल पुन्हा तपासावा लागला आणि त्यात सगळ्यांची पुढची सुट्टी गेली.

"बसच्या घाईत खटका पाडला काकांनी," सुपरवायझर म्हणाला. "परत झालं तर दुसरा माणूस बघावा लागेल."

बाकीच्यांना तेवढं पुरलं. "आमचा गुरुवार खाल्ला राव काकांनी, पचला का?" असं ते पप्पांना डबा उघडताना विचारायचे. हे पप्पांनी घरी हसत सांगितलं आणि नंतर जेवण अर्धं टाकून उठले.

"हिरवं दिसल्यावरच पाडला ना?" मी विचारलं.

"व्हय. दिसल्यावरच." हात धुता धुता म्हणाले, "तसंच वाटालंय तर."

हे 'वाटालंय' मला झोंबलं. लातूरकडून येऊन इतकी वर्षं विजेचं काम केलेला माणूस, स्वतःच्या हाताबद्दल असं कधी बोलला नव्हता.

त्यांच्या मोबाइलमध्ये हिरव्या अक्षरांच्या त्या स्क्रीनचा फोटो होता. कोपऱ्यात सॉफ्टवेअरचं नाव दिसलं. ते माझ्या रोजच्या ओळखीचं होतं. एका कॉम्प्युटरची डिस्क नेटवर्कवरून दुसऱ्याला स्वतःचीच वाटावी, एवढंच त्याचं काम. ते फुकट आहे, कुणीही आत डोकावून दुरुस्त करू शकतं. नोकरी सांभाळून मी त्यातल्या बारीकसारीक चुका काढते. हे काम करणारे जगभरचे लोक नेटवर, इंग्रजीत लिहूनच बोलतात. तिथे कुणी मला पाहिलेलं नाही, म्हणून तिथे मला बोलता येतं.

पुढच्या मोकळ्या गुरुवारी मी घरून काम करत होते. कारखान्यातल्या डिस्कच्या जागी घरचा जुना कॉम्प्युटर मांडला, कॅमेऱ्याच्या जागी लॅपटॉप त्याला जोडला, तेच सॉफ्टवेअर चालू केलं आणि पप्पांना एक्स्टेन्शन बोर्डाजवळ बसवलं.

"हिरवं झालं की बटण बंद करा."

"मी नको, माय. तूच कर."

"तुम्हीच करा, पप्पा."

हिरवं झालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं आणि बटण दाबलं. जुना कॉम्प्युटर परत सुरू करून मी फाइल उघडली. ती तुटलेली होती. पप्पांनी बोर्डावरचा हात मागे घेतला.

"बघ. माझ्याच हातानं झालं."

"नाही पप्पा, तुम्ही बरोबर केलंत. हे सॉफ्टवेअर खोटं बोलतंय."

मग मराठीत शब्द शोधत, अडखळत सांगितलं. कॅमेऱ्याचा कॉम्प्युटर डिस्कशी एकाच वेळी दोन वाटांनी बोलतो. 'सगळं डिस्कवर उतरलं का?' असं एका वाटेवर विचारलं, की सॉफ्टवेअर त्या एकाच वाटेचं बघून सगळ्यांच्या वतीने हो म्हणतं. दुसऱ्या वाटेवरचं अजून मेमरीतच असतं, वीज गेली की तेही जातं. पप्पा ऐकत होते, पण नजर बटण दाबलेल्या बोटावर होती.

दुरुस्ती कोडच्या थोड्याच ओळींची निघाली. परदेशातल्या कुणीतरी ती तपासली आणि हे सापडलं कसं, असं विचारलं. 'एका ठिकाणी वीज बंद केल्यावर,' इतकंच मी लिहिलं. कुणी बंद केली, ते लिहिलं नाही.

कारखान्याने होकार दिल्यावर दुरुस्ती टाकायला मी निघोज्याला गेले. गाडीवर सगळा रस्ताभर मराठी वाक्यं मनात घोकली. काम झाल्यावर मी सुपरवायझरला म्हणाले, "चूक सॉफ्टवेअरची होती. पप्पांची नव्हती."

"सॉफ्टवेअर तुमचंच का, मॅडम?"

"माझं असं नाही... पण मी त्यावर काम करते."

"मग आधीच नीट करायचं ना!" आजूबाजूचे हसले. मग तो पप्पांकडे वळला. "काका, सुटलात. पण इथून पुढे हिरवं झाल्यावर थोडं थांबत जा. उगाच रिस्क नको."

आता थांबायची गरजच उरली नव्हती, आणि ते सांगू शकणारी तिथे मी एकटीच होते. वाक्य तयार होतं, पण सगळे माझ्याकडे बघत होते.

"व्हय साहेब," पप्पा म्हणाले.

त्यांची नोकरी राहिली, फोटोही पुन्हा बिघडले नाहीत. बुधवारी मात्र त्यांची नेहमीची बस चुकते. घरी मी एकदा म्हटलं, "पप्पा, आता लगेच पाडलात तरी चालतं."

"ठाऊक हाय," ते बूट काढत म्हणाले. "पण हात उठत न्हाई."