गेनूमामांना अमिबा दाखवायचाय

भोरच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागल्यापासून माझ्याकडचे किस्से अमिबासारखे वाढताहेत. एक सांगायला घ्यावा, तर चहा संपेपर्यंत त्याचे दोन झालेले असतात! स्टाफरूममध्ये आता कोणी मला ‘काय विशेष?’ असं विचारत नाही. ऑफ तास वाया जातो म्हणतात.

यातल्या बहुतेक किश्श्यांत गेनूमामा आहेत. मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट, राहणार भाटघर. प्रॅक्टिकलसाठी डबक्यातलं पाणी बाटलीत भरून एसटीने आणायचं, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं. या वर्षी कॉलेज सुरू झालं त्याच दिवशी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“मॅडम, आवंदा मी रिटायर. आख्खी नोकरी त्या अमिबाचं पाणी आनन्यात गेली. जायच्या आधी एकदा त्याला जित्ता बघायचाय.”

मी उडालेच. “म्हणजे तुम्ही अजून पाहिलाच नाही?”

“पोरांचंच बघून हुत न्हाई. माझा नंबर कवा लागायचा?”

मला मनापासून लाज वाटली. इतक्या वर्षांत मीही त्यांना कधी विचारलं नव्हतं. “मामा, अमिबा दाखवल्याशिवाय तुम्हाला सोडत नाही!” असा शब्द देऊन बसले, आणि फसले.

* * *

सूक्ष्मजीव वाढवायचे तर भाताचा पेंढा पाण्यात उकळायचा, गार झाला की त्यात डबक्यातलं पाणी आणि थोडा गाळ घालायचा आणि बरणी तशीच आठ दिवस ठेवायची. वास असा सुटतो की अकाउंटन्सीचा वर्ग आपोआप दुसऱ्या मजल्यावर जातो.

नवव्या दिवशी आले, तर बरणी लख्ख! पाणी आरपार.

“मामा, हे काय केलंत?”

“उद्या तपासनी हाय म्हनं. प्रिन्सिपल म्हनले, लॅब चकचकीत पायजे. मग घासली, आन फिल्टरचं पानी भरलं.” मग मला धीर देत म्हणाले, “आता बघा, अमिबा कसा सोच्छ दिसंल!”

* * *

दुसऱ्या बरणीच्या वेळी मात्र पहिल्याच मुलीने आरोळी ठोकली, “मॅडम, दिसला!”

तिला दिसला म्हटल्यावर मागच्या सगळ्यांना दिसला. गोल, ठसठशीत, काळ्या कडेचा. सगळ्या वर्गाने जर्नलमध्ये काढला, आत केंद्रकही दाखवलं. मी जाऊन पाहिलं, तर हवेचा बुडबुडा!

फक्त वेल्ह्याच्या एका मुलाची आकृती वेगळी होती. एक लांब, वाकडा, केसासारखा जीव. बाजूला ‘युग्लीना’ असं लिहिलेलं.

“मॅडम, माझा तर हलतो पन! मी डोळा मिचकावला की लगेच हलतो.”

स्वतःची पापणी काढली होती पठ्ठ्याने!

मामा दारातून सगळं ऐकत होते. म्हणाले, “बरं झालं, म्या बघितला न्हाई. बुडबुड्याला नमस्कार करून रिटायर झालो असतो.”

* * *

यीस्टचा प्रयोग त्यातल्या त्यात सोपा. कोमट पाणी, साखर, यीस्ट. ते साखर खातं आणि वायू सोडतं, म्हणून बाटलीच्या तोंडाला नुसता कापूस लावायचा. पण साखर म्हटलं की मुंग्या आल्याच, आणि मामांचं मुंग्यांशी जुनं वैर. त्यांनी बाटलीला ठोकून ठोकून बूच बसवलं.

प्रिन्सिपल सर त्याच दिवशी लॅबमध्ये मुलांशी दोन शब्द बोलायला आले. सरांचे दोन शब्द अर्ध्या तासाखाली होत नाहीत. “विद्यार्थी मित्रांनो, अंगात शक्ती असेल, तर जगात तुम्हाला कोणीही दाबून...”

फट्! बूच छताला लागून सरांसमोरच्या टेबलावर. फेस भिंतीवर. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. भाषणाला एवढ्या टाळ्या सरांना पहिल्यांदाच मिळाल्या. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि भाषण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

* * *

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. सारोळ्याच्या एका मुलाला त्यांनी विचारलं, “अमिबाच्या शरीरात पाणी सारखं शिरत असतं. ते बाहेर कोण टाकतं?”

“संकोची रिक्तिका, सर. आमच्या हिरीवरच्या मोटरीवानी. भरली की उपसायचं.”

“आणि ती बंद पडली तर?”

“फुगून फुटंल, सर.”

“मग काय करायचं?”

पोरगं म्हणालं, “वायरमनला फोन लावायचा, सर. पन तो उचलायचा न्हाई.”

परीक्षकांनी पूर्ण मार्क दिले. त्यांचीही शेती होती म्हणे.

* * *

त्याच संध्याकाळी, मुलं गेल्यावर, मला खराखुरा अमिबा सापडला. मी मामांना हाका मारल्या. मामा धावत आले, टोपी काढून मायक्रोस्कोपवर वाकले.

“दिसतोय?”

“निसता अंधार हाय.”

बाजूला होऊन पाहते तर काय, मामांचे दोन्ही डोळे गच्च मिटलेले! त्यांचा एक डोळा मिटला की दुसरा मिटायचाच. आयुष्यात कधी कोणाला डोळा मारलाच नव्हता, सवय कुठून असणार? मी फोनवर फोटो काढून दाखवला, तर मान फिरवली.

“मोबाईलात काय, वाघ बी दिसतो. म्हून वाघ बघितला म्हनायचं का?”

तोवर काचेवरचं पाणी सुकलं आणि अमिबा गेला.

* * *

मामांचा शेवटचा आठवडा. कॉलेजला सुट्टी, आवारात चिटपाखरू नाही. मामा भाटघरहून एक शेवटची बाटली घेऊन आले. आठव्या थेंबात अमिबा सापडला. या वेळी मीच मामांच्या डाव्या डोळ्यावर तळहात धरला.

मामा हळूच म्हणाले, “ना हात, ना पाय. पन निघालाय कुठंतरी.”

“अंगाचाच पाय पुढे काढतो आणि त्यात स्वतःला ओतून घेतो, मामा.”

“एकलाच?”

“एकटाच. खाणं, हिंडणं, सगळं त्या एका पेशीत.”

“आन म्हातारा झाल्यावर?”

“म्हातारा होत नाही. वाढला की मधून दुभागतो. एकाचे दोन, दोघंही तरणे.”

“म्हंजे रिटायरच न्हाई!” मामा एवढ्या मोठ्याने हसले की माझा हात बाजूला झाला.

मी काच धुवायला उचलली, तर त्यांनी मनगट धरलं. ड्रॉपरने तो थेंब परत बाटलीत सोडला, दोनदा काच खंगाळून तेही पाणी आत घातलं आणि पिशवी उचलली.

“कुठे निघालात?”

“त्यो हितला न्हाई, मॅडम. भाटघरचा हाय. सोडून येतो.”

मी स्टँडपर्यंत त्यांच्यासोबत गेले. गाडी लागलेलीच होती. कंडक्टर म्हणाला, “मामा, बाटलीत काय हाय?”

“पाव्हणं.”

गाडी हलली. मामा खिडकीत बसले होते. बाटली त्यांनी गजाला टेकवून धरली होती, लेबलाची बाजू आत करून, पाव्हण्यांना बाहेरचं दिसावं म्हणून.